चाकं बांधली का? : लालबाग, मांडवा, कळंबोली, ताईच्या गाडीबरोबर चार दिवस

ताईची बदली बेंगळुरूला झाली डिसेंबरात. सामान गेलं, माणसं गेली, गाडी मात्र लालबागच्या बिल्डिंगमध्येच राहिली. "तू काढ ना गं तेवढी आणि ट्रान्सपोर्टवाल्याला देऊन टाक" एवढं सोपं काम होतं म्हणे. पण ट्रान्सपोर्टवाल्याने तारीख दिली सोमवारची आणि सोसायटीला पार्किंग हवं होतं शुक्रवारी, आणि आमच्या परळच्या चाळीत रात्री अकरानंतर स्कूटर लावायला जागा मिळाली तरी लोक पेढे वाटतात. मग नवरा म्हणाला शनिवार-रविवार अलिबागला मामाकडे जाऊन येऊ, त्याला तसंही डोळे दाखवायला मुंबईत आणायचंय, गाडीपण सांभाळली जाईल. म्हणून ही ट्रिप. चार दिवसांपैकी निम्मा वेळ गाडी आम्ही चालवत नव्हतोच, कोणीतरी दुसरंच तिला उचलून, सरकवून, बांधून नेत होतं.

दिवस पहिला, शुक्रवार

रीडेव्हलपमेंटची बिल्डिंग म्हणजे खाली पझल पार्किंग आलंच. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: लहानपणी आकडे सरकवायचा एक प्लास्टिकचा खेळ असायचा ना, पंधरा आकडे आणि एक घर रिकामं, तस्संच, फक्त आकड्यांच्या जागी गाड्या. लोखंडी सांगाडा, प्रत्येक गाडीखाली एक पॅलेट, खालच्या ओळीतले पॅलेट आडवे सरकतात आणि जागा झाली की वरचा खाली येतो. ताईची गाडी तिसऱ्या मजल्यावर. आम्ही सकाळी साडेनऊला पोचलो, ऑपरेटरने चावी फिरवली, नंबर दाबला, खालच्या दोन गाड्या सरकल्या, ताईचा पॅलेट इंचभर वर गेला आणि थांबला. लाल दिवा. परत दाबलं, परत इंचभर वर, परत लाल दिवा.

मी म्हटलं खाली यायच्या ऐवजी वर का जातोय. तर ऑपरेटर पोरगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, हुक आहे ना." म्हणजे वर गेलेला पॅलेट नुसता चेनवर लटकत ठेवत नाहीत, त्याला आडवा हुक लागतो, चेन तुटली तरी गाडी खालच्याच्या टपावर येऊ नये म्हणून. खाली आणताना आधी पॅलेट थोडा उचलायचा, वजन हुकावरून निघालं की हुक मागे सरकतो आणि मग खाली. आमचा हुक मागे सरकत नव्हता. तो सरकला नाही तर मशीन हलायचंच नाही, आणि ते बरोबरच आहे, फक्त ते बरोबर आहे हे कळायला मला दीड तास लागला, कारण मेंटेनन्सवाला बाइकवरून येईपर्यंत आम्ही तिथेच उभे. सोसायटीतले एक काका ऑफिसला जायला निघाले होते, त्यांची गाडी आमच्या खालीच अडकली, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू हुक मी स्वतः पकडून ठेवलाय.

त्या दीड तासात माझं लक्ष चाकांकडे गेलं. पॅलेटवर गाडीला काहीच बांधलेलं नसतं! ना पट्टा, ना साखळी. पुढच्या चाकांसमोर आडवा पाइप, म्हणजे गाडी आत घेताना चाक त्याला टेकलं की थांबायचं, शिवाय हँडब्रेक, गिअर, आणि दोन्ही बाजूंना पत्र्याची उभी कड. बास. पॅलेट सपाट राहतो आणि हळू हलतो, त्यामुळे तेवढं पुरतं. ऑपरेटर लोकांवर जे ओरडतो ते त्यासाठीच, "मॅडम और थोडा आगे, चाक पाइप को लगना मंगता." चाक पाइपला टेकलं नाही तर मागचा बंपर बाहेर राहतो आणि सेन्सरचा किरण तोडतो, मग मशीन रुसतं. मला वाटायचं हा उगाच छळतो.

मेंटेनन्सवाला आला, शिडी लावून वर चढला, हुकाच्या कॉइलशी काहीतरी खुटखुट केली, आणि सव्वाअकराला गाडी खाली. धुळीने राखाडी झालेली, बॅटरी उतरलेली, मग जंप स्टार्ट, ते सगळं लिहीत बसत नाही.

घरी येताना नवऱ्याला भुलाभाई देसाई रोडची आठवण आली. २०२१ साली तिथे महापालिकेचं २१ मजली रोबोटिक पार्किंग सुरू झालं, २४० गाड्यांचं, तेव्हा आम्ही रिकामटेकडे मुद्दाम बघायला गेलो होतो. तिथला प्रकार वेगळा. तिथे गाडीखाली एक बसकी डॉली शिरते, जेमतेम जमिनीला चिकटून जाणारी, आणि प्रत्येक चाकाच्या पुढून-मागून दोन दांडे येऊन टायरला चिमटीत धरतात. टायर गोल, त्यामुळे दोन्हीकडून खालच्या अंगाला दाबत आणलं की तो आपोआप जरा वर उचलला जातो. बॉडीला हात नाही, चेसिसला हात नाही. हँडब्रेक लावलेला असला तरी फरक पडत नाही, कारण चाक फिरवायचंच नसतं, धरून न्यायचं असतं. मांजर पिल्लाला मानेला धरते तसं, फक्त ही पायांना धरते.

दिवस दुसरा, शनिवार

भाऊच्या धक्क्यावर सकाळी सात वाजता. मासळीचा वास कपड्यांत मुरला की समजायचं पोचलो. मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या चालवतच आत घेतात ती बोट, मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि दहा-पंधरा दिवसांत देशभर लॉकडाउन, तेव्हा ताई म्हणाली होती की आपल्या नशिबात बोट नाहीच. रस्त्याने पेण-वडखळ करत शंभराच्या वर किलोमीटर आणि वडखळला ट्रॅफिक लागला तर देवच मालक. बोटीने साधारण तासाभरात पलीकडे, तेही वडापाव खात.

गाड्या रॅम्पवरून आत घेतात ते बघण्यासारखं असतं. हातवारे करणारा माणूस एकच, आणि तो आरशात न बघता तुमच्या डोळ्यांत बघतो. शेजारच्या गाडीचं दार जेमतेम उघडेल इतक्या जवळ लावायला सांगतो. "हँडब्रेक, पहिला गिअर, खिडक्या बंद, सगळे वर." आमची गाडी रांगेत पहिली, रॅम्पच्या तोंडाशी, तर एक पोरगा आला आणि चाकाखाली लाकडी गुटका सरकवून पायाने दोनदा ठोकून गेला. आमच्यामागच्या गाड्यांना काहीच नाही. मी वर जाताना विचारलं, आम्हालाच का? तो म्हणाला, "पहिली सुटली तर सरळ दारावर. बाकीच्या एकमेकींना धरतात." बाकीच्या एकमेकींना धरतात हे ऐकून शेजारच्या मोठ्या नव्या गाडीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

समुद्र शांत होता, फेब्रुवारी. वर डेकवर सीगल्स आणि त्यांना चकली भरवणारे लोक (भरवू नका हो, पाटी लावलीय तिथे).

मांडव्याहून अलिबाग आणि पुढे नागाव. रस्त्याला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगायला लागले होते, दोन घेतल्या, एक ताईसाठी, ती गाडीतूनच जाणार असं ठरलं, त्याचं पुढे काय झालं ते सांगते.

मामा गोदीत होता. इंदिरा गोदीत तीस-बत्तीस वर्षं, शेवटची बरीच वर्षं लॅशिंगवर, म्हणजे बोटीत माल हलू नये म्हणून बांधणाऱ्या गँगमध्ये. आता नारळ-सुपारी बघतो, पण कुठलीही वस्तू बांधलेली दिसली की त्याचा हात आपोआप जातो तिकडे आणि गाठ चाचपून बघतो. माझ्या लग्नात मंडपाचे दोर त्याने परत बांधले होते, डेकोरेटरवाला रडायचा बाकी होता. जेवण झाल्यावर मी पझल पार्किंगची आणि गुटक्याची गोष्ट सांगितली, आणि बस, संध्याकाळ त्याची झाली.

तो म्हणाला, रो-रो बोटी यायच्या आधी गाड्या क्रेनने चढायच्या-उतरायच्या. वर लोखंडी चौकट, तिच्या चार कोपऱ्यांतून दोर, आणि खाली चारी चाकांखाली जाळ्या. गाडी जाळ्यांवर आणायची आणि उचलायची. चौकट का, तर दोर सरळ खाली यावेत, तिरके येऊन दारांना चेपू नयेत. "साहेबलोकांच्या गाड्या असायच्या, वकिलातीच्या, एक ओरखडा आला की चार कागद." एकदा म्हणे कोणी घाईत दोन जाळ्या पुढच्या चाकांखाली घातल्या आणि मागे बंपरला दोर. गाडी सहा फूट वर गेली आणि बंपर एकटाच वर राहिला. कोण होतं तो, हे मामा सांगत नाही. मामीचं म्हणणं, तोच होता.

मग मोठ्या रो-रो बोटी आल्या, पोटात पार्किंगचे मजलेच मजले असलेल्या. ड्रायव्हर लोक गाड्या रांगेने आत नेऊन लावतात, एकमेकींच्या इतक्या जवळ की मधून चालताना पोट आत घ्यावं लागतं, आणि मागून लॅशिंगची पोरं पट्टे घेऊन येतात. डेकला ठराविक अंतरावर भोकं, पट्ट्याचं एक टोक तिथे, दुसरं गाडीच्या टो-हुकात, म्हणजे गाडी ओढून न्यायला असतो त्या हुकात, नाहीतर चाकाच्या रिममधून. बोट रात्रंदिवस डावी-उजवी डोलते, एक पट्टा सैल सुटला की ती गाडी शेजारचीला मारते, ती तिच्या शेजारचीला.

"पण मामा, टो-हुक चांगला की चाक?" नवऱ्याने विचारलं.

मामाने सुपारी कातरायची थांबवली. "तुला पकडून न्यायचं असेल तर मी पाय बांधेन का कंबर?"

"पाय."

"का?"

नवऱ्याला सुचेना. मामा म्हणाला "झोप आता, सोमवारी दाखवतो." म्हणजे तो गाडी ट्रान्सपोर्टवाल्याला द्यायला कळंबोलीला येणार हे त्याने परस्पर ठरवलंसुद्धा.

दिवस तिसरा, रविवार

समुद्रावर जायचं होतं, नाही झालं. मामाने सकाळभर ताईच्या गाडीचे टायर धुतले. फक्त टायर. मातीवर पट्टा बसत नाही म्हणे.

दुपारी परतीची बोट. या वेळी आमची गाडी मधल्या रांगेत, गुटका नाही. मामा काही वर येईना, वाकून शेजारच्या गाडीच्या चाकाखालचा गुटका हलवून बघतोय. डेकवरचा पोरगा ओरडला, "ओ आजोबा, वर चला, बोट सुटतेय!" मामा म्हणाला, "गुटका उलटा घातलायस. उतरती बाजू चाकाकडे पाहिजे." पोरगा आला, बघितलं, आणि खरंच उलटा होता. उभी बाजू चाकाकडे असली की टायर नुसता त्याला ढकलत नेतो, उतरती बाजू असली की टायर त्यावर थोडा चढायला जातो आणि स्वतःच्याच वजनाने त्याला जमिनीशी दाबून धरतो. एवढा साधा लाकडाचा तुकडा आणि त्यालापण सुलट-उलट आहे. पोराने सुलटा केला, वर "काय गोदीत होता का?" असंपण विचारलं. मामा तासभर त्या एका प्रश्नावर खूश.

वर बसल्यावर विषय निघाला कोकण रेल्वेचा. २०२५ च्या गणपतीत त्यांनी कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी खासगी गाड्यांची रो-रो काढली होती, एका वाघिणीवर दोन गाड्या, एका फेरीत ४० गाड्या, भाडं गाडीमागे ७,८७५ रुपये, आणि कमीत कमी १६ गाड्यांचं बुकिंग झालं नाही तर फेरी रद्द. संध्याकाळी पाचला सुटून पहाटे पाचला वेर्णा. माणसांनी गाडीत बसायचं नाही, जोडलेल्या डब्यात तिकीट काढून बसायचं, हे ऐकून आमच्या एका कणकवलीच्या भाच्याचा फार हिरमोड झाला होता, त्याला स्टिअरिंगवर बसून सेल्फी काढायचा होता. ट्रकवाले मात्र १९९९ पासून कोकण रेल्वेवरून असे जातात आणि ते आपल्या केबिनमध्येच झोपतात. माझं मत विचाराल तर कोलाडपर्यंत मुंबई-गोवा हायवेचा सगळ्यात वैताग भाग स्वतःच चालवायचा असेल तर मग रेल्वेचा उपयोग काय, पण ते असो.

दिवस चौथा, सोमवार

कार कॅरिअर, म्हणजे गाड्या नेणारा कंटेनर, परळमध्ये येत नाही, येऊच शकत नाही, एवढं लांब धूड आमच्या गल्लीत वळणार कुठे. म्हणून गाडी आपणच कळंबोलीला यार्डात नेऊन द्यायची. पोचलो साडेदहाला. तिथे फॉर्म, चारी बाजूंनी फोटो, किलोमीटरचा आकडा, टाकीत पेट्रोल पाव भागच ठेवायचं, फास्टॅग काढायचा नाहीतर फॉइलमध्ये गुंडाळायचा कारण कंटेनरवर बसलेल्या गाडीचा टॅग टोलनाक्याने वाचला तर पैसे ताईचे जाणार. आणि गाडीत सामान चालत नाही. कांद्याची माळ काढा. मी म्हटलं अहो कांदे आहेत, तो म्हणाला "पिछली बार आचार था मॅडम, पूरे गाडी में." माळ माझ्या हातात.

कंटेनरमध्ये दोन मजले. वरच्या मजल्यावर तीन गाड्या चढून बसल्या होत्या. आमची खालच्या मजल्यावर, मागच्या दाराजवळ. यार्डातल्या पोराने गाडी रॅम्पवरून चढवली, हँडब्रेक लावला, गिअर टाकला, आणि पुढच्या टो-हुकात एक जाड दोर अडकवून खालच्या लोखंडी कडीतून ओढून घट्ट आवळला. गाडीचं नाक खाली झुकलं. पोराने हात झटकले, म्हणजे झालं.

मामा रॅम्पवर चढला. आम्ही नको-नको म्हणेपर्यंत तो आतसुद्धा गेला. बॉनेटवर दोन्ही हात ठेवले आणि सगळं वजन टाकून खाली दाबलं. गाडीचं नाक दोनेक इंच अजून खाली गेलं, आणि तो ताठ दोर लोंबायला लागला, अक्षरशः वाळत घातलेल्या धुण्याच्या दोरीसारखा. हात सोडले, परत ताठ. परत दाबलं, परत सैल.

"बेंगळुरूपर्यंत खड्डे किती?" मामा म्हणाला. "प्रत्येक खड्ड्याला असं होणार. सैल, झटका, सैल, झटका. एक तर कडी जाईल नाहीतर हुक जाईल."

मला तेव्हा पाय आणि कंबर कळलं. गाडीची बॉडी स्प्रिंगवर बसलेली असते, ती हलणारच, हलायलाच केलीय ती. बॉडीला बांधलं की बांधणारा दोर तिच्या उड्यांबरोबर ताणतो आणि सुटतो. ती हलूच नये म्हणून स्प्रिंग पूर्ण दाबून आवळलं तर हजार किलोमीटर स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर तसेच दबलेले, त्यांचं वाटोळं. चाक मात्र स्प्रिंगच्या खाली, थेट जमिनीवर. चाक बांधा आणि वरच्या बॉडीला तिचं तिचं डोलू द्या.

नवरा तोपर्यंत मोबाइलवर. त्याने शोधून काढलं की युरोपात ट्रकमधला माल बांधायचं जे स्टँडर्ड आहे त्यात पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूला-मागे ५० टक्के जोर धरून हिशोब करतात, कारण कचकन ब्रेक मारला की सगळ्यात जास्त धक्का पुढे. ताईची गाडी ९०० किलो धरली तर ७२० किलोचा रेटा पुढे, ४५० बाजूला. त्यातला काही टायरच्या घर्षणाने निघतो, बाकीचा पट्ट्यांनी धरायचा. तो हे मोठ्याने वाचत होता आणि यार्डातलं कोणी ऐकत नव्हतं.

यार्डाचा सुपरवायझर वैतागला होता. आम्ही रोज एवढ्या गाड्या पाठवतो वगैरे. वाद झाला असता पण कंटेनरचा ड्रायव्हर उतरला, साताऱ्याचा, पन्नाशीचा, त्याने मामाकडे बघितलं आणि विचारलं, "काका, पट्टे पायजेत का? हायेत माझ्याकडं." पट्टे होते! चालकाच्या केबिनमागच्या पेटीत. दोर लवकर लागतो म्हणून पोरं दोर वापरतात, एवढंच कारण.

पट्टा असा: दोनेक इंच रुंद, त्यावर रबराचे तीन ठोकळे सरकवलेले. हे ठोकळे टायरच्या खाचांवर बसतात, एक पुढच्या अंगाला, एक माथ्यावर, एक मागे, म्हणजे पट्टा टायरवरून बाजूला घसरत नाही. पट्ट्याचं एक टोक चाकाच्या पुढे जमिनीच्या पट्टीतल्या भोकात, दुसरं मागे, आणि मागच्या टोकाला रॅचेट, म्हणजे दांडा मारला की पट्टा आवळणारं आणि मागे न सोडणारं चक्र. ड्रायव्हरने दांडा मारायला सुरुवात केली, कट्, कट्, कट्, आणि पट्टा टायरभोवती बसत गेला, टायर जरासा चेपला, रबर किंचित कुरकुरलं. मामाने पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघितली, शिरली नाहीत, मान हलवली. मग पट्ट्याला पीळ पडला नाही ना ते शेवटपर्यंत हात फिरवून बघितलं, पीळ पडला की पट्टा त्या जागी कापतो म्हणे. चारी चाकं व्हायला वीस मिनिटं गेली. दोराला लागली होती दोन.

मग त्याने परत बॉनेटवर हात ठेवून दाबलं. गाडी खाली गेली, वर आली, मस्तपैकी डोलली. पट्टे हलले नाहीत.

"थोडं गेल्यावर परत बघ," मामा ड्रायव्हरला म्हणाला. "पट्टा बसतो, टायर बसतो, सैल पडतं."

"खालापूर टोलच्या पुढं थांबतोच मी चहाला. बघतो."

"फोटो पाठव."

"गाडीचा?"

"चाकाचा."

सुपरवायझरने कागदावर माझी सही घेतली आणि कंटेनरचं दार लावलं. आम्ही कळंबोलीच्या कोपऱ्यावर उसाचा रस प्यायलो, मामा सारखा माझ्या फोनकडे बघत होता, त्याला स्वतःला नीट दिसत नाही पण फोटो बघायचा होता. ट्रेनमध्ये मानसरोवरच्या आसपास फोन वाजला. ड्रायव्हरने चार फोटो टाकले होते, चार टायर, प्रत्येकावर पट्टा, एका फोटोत त्याचीच दोन बोटं पट्ट्याशी, शिरत नाहीत हे दाखवायला. गाडी कुठल्याच फोटोत नव्हती.

मी ते तसेच घरच्या ग्रुपवर टाकले. ताईचा दोन मिनिटांत मेसेज: "हे कोणाचे टायर आहेत? आणि माझे कांदे कुठायत?"